त्रेसष्ट मेल, त्यातला एकच बरोबर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका बेदाणा अडत दुकानात दिवाळीच्या तोंडावर घडलेलं हे प्रकरण. दुकानाचं नाव छापायचं नाही, या बोलीवरच शेठनी सगळं लिहायला परवानगी दिली.

ज्यांचा यार्डाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सांगली-तासगावात बेदाण्याचे सौदे निघतात. माल शीतगृहात पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्समध्ये असतो आणि खरेदीदार देशभरातले असतात. व्यवहार उधारीवर. दिवाळीच्या सुमाराला सौदे काही दिवस बंद ठेवून मागची येणी मिटवायची इथे पद्धत आहे, यार्डात तिला सरळ ‘झीरो पेमेंट’ म्हणतात. त्याआधी प्रत्येक खरेदीदाराला त्याचा खातेउतारा गेला पाहिजे. कुठला लॉट, किती बॉक्स, काय दर, किती दिवसांची उधारी, किती आले आणि किती बाकी, हे सगळं त्या दोन पानांवर असतं. सौद्यातला दर सगळ्यांसमोर पुकारला जातो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कोणाला किती दिवसांची उधारी दिली आणि कोणाकडे किती थकले, हे अडत्या आणि खरेदीदार यांच्यातच राहतं. राहायला हवं.

या दुकानाचे असे त्रेसष्ट खरेदीदार. पूर्वी उतारे कुरिअरने जात. नंतर शेठच्या भाच्याने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. एक्सेलच्या पत्रकातून खरेदीदाराचा खातेक्रमांक आणि मेलपत्ता घ्यायचा, फोल्डरमधून त्या क्रमांकाची पीडीएफ उचलायची, मेलला जोडायची, पाठवायची. भाचा पुढे नोकरीला पुण्याला गेला, प्रोग्राम दिवाणजींच्या हाती आला. त्यांनी तो पहिल्यांदाच पूर्ण यादीवर चालवला, आणि गोंधळ झाला. प्रोग्राम दुरुस्तीला माझ्याकडे आला तो त्यानंतर.

तक्रारी दोन प्रकारच्या आल्या आणि दोन वेगळ्या दुखण्यांच्या वाटल्या. बऱ्याच जणांचं म्हणणं, उतारा आलाच नाही. आणि तासगावच्या एका जुन्या खरेदीदाराचा फोन भलताच होता. “काय ओ शेठ, माझा उतारा मागितला तर तुम्ही अख्खी खतावणीच पाठवलीय. आणि एक सांगा, त्या अमक्याला दीड महिना उधारी आणि आम्हाला तीन आठवडे? हे कसं काय?” शेठच्या दृष्टीने खरं संकट हे होतं. उतारा न मिळालेल्याला पुन्हा पाठवता येतो. वाचलेला आकडा कोणाच्या डोक्यातून काढता येत नाही.

दिवाणजींनी मात्र पहिली तक्रार धरली, कारण प्रोग्रामच्या काळ्या खिडकीत तिचा पुरावा दिसत होता. पहिल्या चोवीस नावांपुढे ‘गेला’ आणि पंचविसाव्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नावापुढे एकच इंग्रजी शब्द, ‘एसएमटीपीसेंडररिफ्यूज्ड’. म्हणजे पाठवणाऱ्यालाच नाकारलं. सगळ्यात खाली, एवढं होऊनही, ‘सर्व मेल पाठवले’.

पाठवणाऱ्याला नाकारलं म्हटल्यावर कोणाच्याही मनात पासवर्ड येणार. त्याला कारणही होतं. ३० मे २०२२ पासून जीमेलने साधा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामला आत येऊ देणं बंद केलं. आता खात्याला दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. दिवाणजींना ते भाच्याने शिकवून ठेवलं होतं. त्यांनी नवा ॲप पासवर्ड काढला, प्रोग्राममध्ये टाकला आणि पुन्हा चालवला. निकाल तोच, चोवीस गेले आणि पंचविसाव्याला नकार. फरक एवढाच की पहिल्या चोवीस जणांना तेच सगळं दुसऱ्यांदा गेलं, आणि ज्यांनी पहिल्या वेळी मेल उघडून पाहिला नव्हता त्यांचंही कुतूहल चाळवलं.

पासवर्ड चुकला असता तर नकार लॉगिनलाच आला असता, ५३५ क्रमांकाचा आणि ‘एसएमटीपीऑथेंटिकेशनएरर’ या नावाने, आणि एकही मेल गेला नसता. चोवीस मेल एकाच जोडणीतून गेले आहेत म्हणजे दार उघडलेलं आहे. रोजची मर्यादाही संपलेली नव्हती. साध्या जीमेल खात्याला दिवसाला पाचशे जणांपर्यंत मोकळीक असते, त्रेसष्ट हा आकडा तिच्या जवळपासही जात नाही. मग पंचविसाव्या नावातच काय होतं?

नावात काही नव्हतं. तक्रारी यादीशी लावून पाहिल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होती. अगदी पहिल्या खरेदीदाराची काहीच तक्रार नव्हती. त्याच्या खालच्या दोघातिघांनी “चुकून एक-दोन जास्तीची पानं आली” असं हसत सांगितलं. तासगावचे ते गृहस्थ यादीत विसाच्या पुढे होते. आणि ‘काहीच आलं नाही’ म्हणणारे सगळे पंचविसाच्या खाली. तक्रार जितकी खाली जावी तितकी वाढत जाते आणि एका जागी एकदम तुटते, तेव्हा काहीतरी साठत चाललंय हे धरून चालावं.

जीमेलच्या पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात ते उघडं पडलेलं होतंच, फक्त कोणी बघितलं नव्हतं. पहिल्या मेलला एक पीडीएफ. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन. चोविसाव्याला चोवीस. एरवी चोवीस उतारे गेले असते, प्रत्यक्षात एका फेरीत तीनशे गेले. दिवाणजी म्हणाले, “तरीच त्या दिवशी नेट एवढं रांगत होतं.” त्यांनी त्यासाठी केबलवाल्याला दोन फोन केले होते.

आता प्रोग्राम. भाच्याने जुनी, सगळीकडे चिकटवली जाणारी पद्धत वापरली होती. ‘माइममल्टिपार्ट’ नावाचं एक पत्र तयार करायचं, त्यात ‘अटॅच’ने मजकूर आणि फाइल घालायची, आणि शेवटी ‘एसएमटीपीलिब’च्या ‘सेंडमेल’ला पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि त्या पत्राची अक्षरं द्यायची. पत्र तयार करण्याची ओळ त्याने लूपच्या, म्हणजे प्रत्येक नावासाठी पुन्हा-पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, वर लिहिली होती आणि फाइल जोडण्याची ओळ लूपच्या आत. पत्र एकच, फेऱ्या त्रेसष्ट, आणि प्रत्येक फेरीत त्याच पत्राला आणखी एक फाइल. ‘अटॅच’ आधीचं काही काढत नाही, फक्त पुढे जोडतं. ग्रंथालय, म्हणजे पायथॉनसोबत येणारा हा तयार कोड, अगदी सांगितल्याप्रमाणे वागत होतं.

कोड वाचणाऱ्याला ही चूक चटकन दिसत नाही, त्यालाही कारण आहे. लूपमध्ये ‘टू’ म्हणजे ‘कोणाला’ हे पत्राच्या माथ्यावरचं शीर्षक भरण्याआधी ‘डेल’ने जुनं ‘टू’ काढून टाकलेलं होतं. जुन्या पद्धतीत एकाच शीर्षकाला पुन्हा किंमत दिली की पहिली पुसली जात नाही, दोन्ही राहतात. ही खोच पुष्कळांना माहीत नसते, भाच्याला होती. म्हणजे साठण्याचा धोका त्याला शीर्षकांपुरता कळला होता आणि तिथला बंदोबस्त त्याने केलाही होता. ती ओळ पाहिली की वाचणारा निर्धास्त होतो, “हां, मागचं साफ करतोय” म्हणतो आणि पुढे जातो. प्रत्येक मेलवर घेणाऱ्याचं नाव एकच आणि बरोबर होतं ते त्यामुळेच. पत्ता चुकला असता तर कदाचित लवकर कळलं असतं.

चाचणी केली नव्हती असंही नाही. भाच्याने स्वतःच्या पत्त्यावर एक मेल पाठवून पाहिला होता आणि तो अचूक आला होता. येणारच. ही चूक एका नावाच्या यादीत घडूच शकत नाही, तिला निदान दुसरं नाव लागतं.

आता पंचविसाव्याची गोष्ट. दिवाणजी उतारा छापून, त्यावर सही-शिक्का करून रंगीत स्कॅन करतात. “शिक्का नसला तर पार्टी मानत नाही” हे त्यांचं म्हणणं, आणि यार्डात ते खरंही आहे. त्यामुळे एकेक पीडीएफ एक मेगाबाइटच्या किंचित वर. मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही, बेस६४ पद्धतीने साध्या अक्षरांत बदलून जाते आणि त्यात ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते, वर ओळी तोडण्याची थोडी भर. प्रत्येक पाठवणीआधी पत्राची लांबी छापणारी एक ओळ प्रोग्राममध्ये घातली आणि पाठवण्याची ओळ बंद ठेवून तो चालवला. १.४ मेगाबाइट, २.८, ४.२, ५.६, असा पाढाच सुरू झाला. जीमेलचा सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीलाच आपली कमाल मर्यादा सांगतो, ३,५८,८२,५७७ बाइट. फुगवटा वजा केला की हीच जोडलेल्या फाइलींची पंचवीस मेगाबाइटची मर्यादा, जी सगळ्यांना ऐकून माहीत असते. चोविसावं पत्र तिच्या जरा अलीकडे होतं, पंचविसावं पलीकडे. त्यापुढचं प्रत्येक पत्र आणखी जाड, त्यामुळे एकही जाणं शक्य नव्हतं.

आणि नकाराचं नाव ‘सेंडररिफ्यूज्ड’ का? एसएमटीपी ही मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत, तिच्यातला संवाद पायऱ्यांनी चालतो. आधी ओळख, मग ‘मेल फ्रॉम’ म्हणजे कोणाकडून, मग ‘आरसीपीटी टू’ म्हणजे कोणाला, आणि मग ‘डेटा’ म्हणजे प्रत्यक्ष पत्र. सर्व्हरने आकाराची मर्यादा सांगितलेली असेल तर पायथॉनचं ‘सेंडमेल’ शहाणपणा करून ‘मेल फ्रॉम’च्या ओळीतच पत्राचा आकार कळवतं, म्हणजे जाड पत्र वाहून नेण्याची मेहनत वाचते. सर्व्हर आकार बघतो आणि तिथल्या तिथे ५५२ म्हणून नाही म्हणतो. नकार ‘मेल फ्रॉम’च्या पायरीवर आला म्हणून ग्रंथालय त्या पायरीचं नाव देतं, पाठवणारा नाकारला. खरं कारण त्या अपवादाच्या, म्हणजे काम अडल्याच्या सूचनेच्या, आतच असतं, क्रमांक ५५२ आणि सोबत ‘तुमचं पत्र आकाराच्या मर्यादेबाहेर गेलं’ अशा अर्थाचं सरळ इंग्रजी वाक्य. प्रोग्राम ते वाक्य टाकून देत होता आणि अपवादाचं फक्त नाव छापत होता. पूर्ण ओळ छापली असती तर दिवाणजींनी पासवर्ड बदलला नसता आणि दुसरी फेरीही झाली नसती. या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच. लूपची चूक कोणाकडूनही होते. सर्व्हरने दिलेलं उत्तर फेकून देणं ही मात्र सवय असते, आणि सवय प्रत्येक प्रोग्राममध्ये सोबत येते.

आणखी एक धागा सापडला तो फाइलींच्या नावांत. तासगावच्या गृहस्थांनी दुसऱ्यांचे उतारे उघडलेच का, असं शेठ चिडून विचारत होते. उत्तर साधं होतं. चोवीस फाइलींची नावं नुसते आकडे होते, ०१७, ०४२, ०५५. आपली कुठली हे शोधायला माणूस एकेक उघडणारच. मुळात फाइलींना खरेदीदारांची मराठी नावं होती, पण मेलमध्ये ती ‘नोनेम’ अशी पोचायची. जोडलेल्या फाइलच्या शीर्षकात तिचं नाव हाताने चिकटवलं आणि ते देवनागरी असलं की सगळं शीर्षकच सांकेतिक होऊन बसतं आणि घेणाऱ्याच्या मेलपेटीला त्यातलं नाव ओळखता येत नाही. नाव वेगळं घटक म्हणून दिलं असतं तर पायथॉनने ते नीट गुंडाळलं असतं. भाच्याने त्याऐवजी फाइलींना आकडे दिले. तेवढ्यापुरतं भागलं, पण प्रत्येक फाइल अनोळखी झाली.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. प्रोग्रामचे तीन तुकडे केले. पहिला तुकडा यादीतली एक ओळ घेतो आणि त्या ओळीसाठी कोरं पत्र तयार करून देतो. पत्र त्या तुकड्याच्या आतच जन्माला येतं, त्यामुळे मागचं काही चिकटून येण्याचा प्रश्नच राहत नाही. पायथॉन ३.६ पासून पक्का झालेला ‘ईमेलमेसेज’ वर्ग, म्हणजे पत्राचा तयार साचा, घेतला. त्यात ‘टू’ दोनदा भरलं तर तो ‘व्हॅल्यूएरर’ देऊन थांबतो, आणि देवनागरी विषय व फाइलची नावंही नीट सांभाळतो. पण एक सांगून ठेवतो, नुसता वर्ग बदलून हे दुखणं बरं झालं नसतं. ‘ॲड_अटॅचमेंट’सुद्धा पुढे-पुढे जोडतच जातं, तक्रार करत नाही. पत्र लूपच्या बाहेर ठेवलं असतं तर नव्या वर्गातही तीनशे उतारेच गेले असते.

दुसरा तुकडा पाठवतो, पण आधी तपासतो. पत्राला जोडलेली फाइल नेमकी एक आहे का, आणि तिच्या नावातला खातेक्रमांक यादीतल्या ओळीशी जुळतो का. नाही जुळला तर त्या एका मेलपुरतं नाही, संपूर्ण काम तिथेच थांबतं. शेठचा यावर आक्षेप होता, एकासाठी बासष्ट जण का अडवायचे? पण ज्या कामात एकाची बाकी दुसऱ्याला कळणं हे मेल न जाण्यापेक्षा वाईट, तिथे थांबणंच बरं. घेणाऱ्याचा पत्ता सर्व्हरने नाकारला तर मात्र नोंद करून पुढच्याकडे जातो, कारण तिथे दुसऱ्याच्या उताऱ्याला धक्का नाही.

तिसरा तुकडा वही लिहितो. खातेक्रमांक, वेळ, आणि सर्व्हरने नाही म्हटलं असेल तर क्रमांकासकट त्याचं पूर्ण उत्तर. प्रोग्राम पुन्हा चालवला तर आधी ही वही वाचतो आणि गेलेल्यांना सोडतो. दिवाणजींना हा भाग लगेच पटला. रोजमेळात नोंद न घालता पैसे देणारा दिवाणजी मी तरी पाहिलेला नाही.

खरा मेल न पाठवता पूर्ण यादी चालवून बघायची सोयही हवी होती. आपल्याच संगणकावर नुसतं ऐकणारा सर्व्हर चालू करून ते करता येतं. त्यासाठीचं पायथॉनचं जुनं ‘एसएमटीपीडी’ ३.१२ मधून काढून टाकलंय, आता ‘एआयओएसएमटीपीडी’ वेगळं घ्यावं लागतं. पण दिवाणजींनी काळ्या खिडकीत तपासणी करावी ही अपेक्षाच चुकीची. म्हणून तालमीच्या वेळी प्रत्येक पत्र ‘ईएमएल’ फाइल म्हणून एका फोल्डरमध्ये उतरतं. दोन टिचक्यांत मेलसारखंच उघडतं, नाव दिसतं, उतारा दिसतो. फोल्डर आकारानुसार लावला की एखादं पत्र अवाजवी जाड असेल तर तेही वर येतं. दिवाणजी यादीचं पहिलं, मधलं आणि शेवटचं पत्र उघडतात, मग वरून कुठलीही चार.

स्कॅन आता करड्या रंगात आणि कमी बारकाव्याने होतं. शिक्का निळा दिसत नाही याची दिवाणजींना थोडी रुखरुख आहे.

गेलेल्या मेलचं काही करता आलं नाही. जीमेलमधला ‘परत घ्या’चा पर्याय जास्तीत जास्त तीस सेकंदांचा, तोही त्याच्या स्वतःच्या पडद्यावरून पाठवलेल्या मेलसाठी. शेठनी चोविसांपैकी पहिला सोडून बाकी सगळ्यांना स्वतः फोन केले, आणि ज्यांची बाकी फुटली त्यांनाही. तासगावच्या खरेदीदाराची उधारी वाढवून द्यावी लागली.

काही मेल परतही आले होते, हे नंतर दिसलं. दोन कंपन्यांच्या मेलपेट्यांची मर्यादा लहान होती, त्यांनी जाड पत्र घेतलं नाही. एकाचा पत्ताच चुकीचा लिहिलेला होता. असा चुकीचा पत्ता पाठवताना सहसा कळत नाही. जीमेलचा सर्व्हर पत्र ठेवून घेतो, पुढे नेऊ बघतो आणि जमलं नाही की ‘मेलर-डीमन’च्या नावाने निरोप पाठवतो. वहीत तेव्हा ‘गेला’ असंच असतं. दुकानाच्या मेलपेटीत असे निरोप न वाचता पडून होते. आता दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी ते वाचतात आणि वहीत हाताने खूण करतात. हे प्रोग्रामने करावं असं त्यांनी सुचवलं, पण त्रेसष्ट नावांसाठी माणसाची नजर पुरते.

ॲप पासवर्ड आधी प्रोग्रामच्या फाइलमध्येच उघडा लिहिलेला होता, आणि ती फाइल व्हॉट्सॲपवरून माझ्याकडे आली होती. तो रद्द करून नवा काढला आणि प्रोग्रामच्या बाहेर ठेवला.

शेठना आता दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून मेल जावेत असं वाटतं. ते चांगलंच दिसेल, पण मग जीमेलच्या पत्त्यामुळे आपोआप मिळणारी सही सुटेल आणि पत्र खरंच त्या पत्त्याकडून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम यांच्या नोंदी स्वतः कराव्या लागतील. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे यातली निदान एक तरी नोंद मागतं, नाहीतर उतारे स्पॅममध्ये जातील किंवा घेतलेच जाणार नाहीत. ते काम मार्चअखेर उरकल्यावर करायचं ठरलंय. तोवर जुनाच पत्ता.